पांढऱ्या साडीच्या निऱ्या

गेल्या मंगळवारी धुळ्यात आई गेली. सावद्याहून मी पोचले तेव्हा दुपार झाली होती, आणि गल्लीतल्या बाया माझ्यासाठीच थांबल्या होत्या... आईला साडी कोणती नेसवायची?

मला माहीत होतं. आईनं दहा वेळा बजावलं होतं, लग्नातली पांढरीच नेसव, उगाच भारीतली काढत बसू नको. आम्ही बौद्ध, आमच्याकडे नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते.

कपाटातून ती साडी काढायला उठले, तर शेजारच्या अक्का दारात. तीस वर्षांचा शेजार, आईशी रोज भांडायच्या आणि रोज भाजीची वाटी पाठवायच्या. हातात कोरी हिरवी साडी होती.

"तुनी माय सवाशीण गई, हिरवीमा जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मनाकरता ठेयेल व्हती. पण तुना नाना पहिले ग्यात... मना नशीबमा नव्हती."

नाना म्हणजे त्यांचे यजमान. ते जाऊन बारा वर्षं झाली, त्याच्याही आधीपासून, सवाशीण गेले तर नेसवा म्हणून, ठेवलेली साडी ही.

आमच्या घरात पांढरं म्हणजे लग्न, भिंतीपलीकडे अक्कांच्या घरात पांढरं म्हणजे पुसलेलं कपाळ. त्यांना वाटणार, आबा, म्हणजे माझे वडील, धडधाकट असताना पोरगी आईला विधवेसारखी पाठवते आहे. पण आईला शब्द दिला होता. कसंबसं सांगितलं, अक्का, तिला तिची लग्नातलीच हवी होती...

अक्का उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या, आत येत नव्हत्या. मला वाटलं, रागावल्या.

मग हळूच म्हणाल्या, "पांढरी साडीले मना हात लागना तं चाली ना?"

विधवेचा हात लागला तर चालेल ना, असं विचारत होत्या; माझ्या आता कुठे लक्षात आलं. नाना गेल्यापासून कुठल्या सवाशिणीला साडी नेसवायला त्यांना कुणी हाक मारली नव्हती. "या ना अक्का" एवढंच बोलले आणि मला रडूच फुटलं.

आईच्या निऱ्या त्यांनीच घातल्या, एकसारख्या, चापूनचोपून. आबा लांबून बघत होते.

नाना गेल्यानंतर झालेल्या माझ्या लग्नात सगळ्या बाया मला साडी नेसवायला खोलीत होत्या, अक्का तेवढ्या बाहेर खुर्चीवर बसून राहिल्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील... आत या म्हणायला माझं काय जात होतं?