उत्तरदाता क्रमांक बावीस

आमच्या आदिलाबादेत पोरगी एम.एस्सी. करते म्हटलं की पुढचा प्रश्न 'कशात' असा येतो. मी 'हवामान बदल आणि अक्षय ऊर्जा' असं सांगितलं की त्यापुढचा प्रश्नच येत नाही. शेजारच्या काकू बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "अक्षय तृतीया ऐकली होती बाई." वडिलांनी तर नातेवाइकांना परस्पर 'सायन्स' सांगून विषय मिटवला होता.

तिसऱ्या सत्रात इंटर्नशिप आली. वर्गातल्या काहींना सौरऊर्जेचे प्रकल्प मिळाले, आणि ते हेल्मेट घालून पॅनेलसमोरचे फोटो पाठवू लागले. मला मिळालं सर्वेक्षण. महिनाभरात चाळीस शेतकरी घरांना विचारायचं, हवामान बदल जाणवतो का? फॉर्म नीट भरले नाहीत तर इंटर्नशिप बाद आणि सत्र वाया. मी वांकिडीजवळचं गाव निवडलं. अहवालात त्याची शास्त्रीय कारणं दिली आहेत. खरं कारण म्हणजे आत्याचं सासर तिथलं आणि तिच्या हातची भाकरी. कागदोपत्री वांकिडी आता दुसऱ्या जिल्ह्यात गेलंय. आत्याच्या मते ती अजून आदिलाबाद जिल्ह्यातच राहते, आणि तिच्याशी वाद घालायला कोणी जात नाही.

फॉर्म इंग्रजीत होता, खाली तेलुगू. मराठी मी स्वतः केलं आणि त्या मराठीवर मी भलतीच खूश होते. 'गेल्या वीस वर्षांत आपण हवामान बदल अनुभवला आहे काय?' पहिल्याच घरातल्या आजोबांनी कान पुढे केला. मी सोपं करून विचारलं, "हवा बदल झाला का, आजोबा?"

"आमी कायले जातो बाई हवा बदलाले," ते म्हणाले. "माहा भाऊ गेला होता एकडाव, दम्यासाठी. चंद्रपूरले."

हवापालटाला चंद्रपूर! मी 'नाही'वर खूण केली आणि पुढच्या घरी गेले. कुटुंबप्रमुखालाच विचारा, असा फॉर्मवर नियम होता, म्हणून मी एकापाठोपाठ एक प्रमुख गाठत राहिले. एकाने मला सरकारी बाई समजून 'काईच तक्रार नाही' असं हात जोडून सांगितलं. असे एकवीस फॉर्म झाले, एकवीसही 'नाही'. मोठ्या उत्साहाने मी ते विभागातल्या आमच्या सरांना पाठवले.

सरांचा फोन आला. ते तेलुगूत म्हणाले, "अभिनंदन. जगात एकच गाव वाचलं, आणि ते तुला सापडलं." मग आवाज कोरडा करून म्हणाले की हे चालणार नाहीत, पुन्हा भर. बारा दिवस उरले होते. फोन ठेवून मी आत्याच्या ओट्यावर बसले आणि चांगली हुंदके देऊन रडले.

"काऊन रडून राह्यली वं?" आत्या तूर निवडत होती. मी सगळं सांगितलं. "काय इचारलं ते वाचून दाखव."

मी वाचलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हे तं मलेबी नाही समजलं," ती म्हणाली. "आन् माणसाईले काऊन इचारतं? त्याईले सोताची गोधडी कुठं ठेवली हाये ते मालूम नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला कापूस वेचायला घेऊन गेली. फॉर्मची पिशवी तिने बांधावर ठेवली, माझ्या कमरेला ओटी बांधली आणि ओळीत उभं केलं. मग शेजारच्या ओळीतल्या बाईला सहज विचारल्यासारखं म्हणाली, "काय वं, गोधड्या कवा काढल्या यंदा पेटीतून?"

झालं! "पयले दसऱ्याले काढत होतो, यंदा दिवाळी होऊन गेली तरी पेटीतच." "आन् काढल्या तं लेकरं लाता मारून फेकते." "पयले सकाळी थंडीनं बोटं चालत नव्हते वेचाले, आता ऊन निंगालं का घाम." "बोंड फुटलं का पाणी येते आता. ओला कापूस येचा, घरी आना, वाळवा." वर्षभर मी ज्याचे आलेख काढत होते ते या बायका हात न थांबवता सांगत होत्या, एकमेकींना दुरुस्त करत. मी ऐकता ऐकता वेचत होते. माझ्या ओटीतल्या अर्ध्या कापसाला पाला लागलेला निघाला, आणि आत्याने तो ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना दाखवला.

'कुटुंबप्रमुख' ही ओळ मी खोडली आणि चाळीसही फॉर्म नव्याने भरले, सगळे बायकांचे. आत्याचा नंबर बावीसवा लागला.

"माहं नाव छापून येईन नं?" तिने विचारलं. तोवर तिचं नाव फक्त रेशनकार्डावर छापलेलं होतं, तेही चुकीचं.

"येईल की," मी विचार न करता म्हणाले.

ते येणार नव्हतं. उत्तर देणाऱ्यांची नावं अहवालात छापत नाहीत, हे मला पहिल्या सत्रातच शिकवलेलं. त्या दिवशी मी बहुतेक झोपले असेन. आभारात तरी नाव घालावं म्हणून सरांच्या मागे लागले, तर ते म्हणाले, तीही उत्तरदाताच, ओळखू येईल. इंटर्नशिपला वर्गात सगळ्यात जास्त गुण मला पडले. मला त्याची लाज वाटत होती.

अहवालाची एक प्रत घेऊन आत्याच्या गावी गेले. आत्याने हात धुतले, पदराला पुसले, आणि मगच प्रत हातात घेतली. "कुठं हाये?"

मी 'आर-२२', म्हणजे उत्तरदाता क्रमांक बावीस, या अक्षरांवर बोट ठेवलं आणि नियम सांगितला.

"पेशंट हाये काय मी?" ती म्हणाली. हसेल असं वाटलं होतं; ती हसली नाही. पान बघत राहिली. मग म्हणाली, "पेन दे. तुमाले मनाई हाये. मले कोनाची हाये?"

आत्या बोलते मराठी, पण चार इयत्ता शिकली तेलुगू शाळेत. बावीसच्या शेजारी तिने तेलुगूत आपलं पूर्ण नाव लिहिलं, गोल गोल, सावकाश. "अजून कुठं हाये बावीस?" मी पानं उलटत गेले. एकूण अकरा ठिकाणी होता. अकरा ठिकाणी तिने नाव लिहिलं आणि प्रत माझ्या हातात परत दिली. "आता हे तुह्या सरले दे."

मी दिली. सरांनी पहिल्याच नावावर बोट ठेवून ते मोठ्याने वाचलं, जसं लिहिलंय तसं. मग उरलेली दहा नावं पाहिली, नियमांचं पुस्तक बाजूला सारलं आणि प्रत विभागाच्या कपाटात ठेवून दिली.

बाहेर येईपर्यंत आत्याचा फोन.

"वाचलं काय वं त्याईनं?"

"वाचलं."

"मनात का मोठ्यानं?"

"मोठ्यानं, आत्या."