राणीच्या मुकुटातली केळी

एरंडोलच्या ज्या वाचनालयात मी नोकरी करते, त्याच्या दारात एक फळा आहे. पूर्वी त्यावर रोज सुविचार लिहायची पद्धत होती. सुविचार वाचून कोणी सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, आणि ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने लिहायचे म्हणजे माझं डोकंच उठायचं. म्हणून एके दिवशी कोणाला न विचारता मी मथळा बदलला. ‘जगात असंही घडलं’ असं लिहिलं आणि खाली इतिहासातली एक खरी पण विचित्र गोष्ट टाकली. चाळीस मिनिटांच्या आत आटोपलेलं युद्ध. त्या दिवशी तीन माणसं फळ्यापुढे थांबली. सुविचारापुढे कधी कुत्रंही थांबलं नव्हतं.

मग मला चटकच लागली. युरोपातल्या एका शहरात लोक नाचत सुटले आणि कित्येक दिवस थांबेचनात, तेव्हा नाचूनच नाच जिरेल म्हणून तिथल्या कारभाऱ्यांनी वाजंत्री बोलावली. इंग्लंडात लोक दोन तारखेला झोपले आणि सकाळी उठले तर चौदा तारीख, कारण सरकारने कॅलेंडर बदललं. अमेरिकेत मळीची टाकी फुटून रस्त्यातून मळीचा पूर आला आणि त्यात माणसं गेली. हे सगळं मी आमच्याच कपाटातल्या जाड पुस्तकांतून पारखून घ्यायची. दोन ठिकाणी सापडलं तरच फळ्यावर. तेवढा माझा कटाक्ष होता, आणि त्याचा मला गर्वही होता.

या फळ्याचे सगळ्यात पक्के वाचक म्हणजे नाना. ते चोपड्याकडचे. उभा जन्म केळी कापणाऱ्या टोळीत गेलेला. बायको गेल्यावर एरंडोलला मुलीकडे राहायला आले. मुलगी घरी शिवणकाम करते. तिने साठी उलटलेल्या बापाला कापडावर खडूने अक्षरं काढून वाचायला शिकवलं. नाना फळ्यापुढे उभे राहून एकेक अक्षर बोटाने धरत मोठ्याने वाचायचे. एक गोष्ट वाचायला त्यांना दहा मिनिटं लागायची. मी आत नोंदी करत असायची आणि त्यांचं वाचन संपेपर्यंत माझं काम पुढे सरकायचं नाही. आधी चिडचिड व्हायची, मग सवय झाली, मग मी त्यांची वाट पाहायला लागले.

वाचलेली गोष्ट घेऊन नाना थेट चहाच्या टपरीवर जायचे. तिथे त्यांना आधी कोणी विचारत नसे. लेकीच्या घरी राहणारा अडाणी माणूस, त्याचं कोण ऐकतो? पण ऑस्ट्रेलियात सैन्य बंदुका घेऊन इमू नावाच्या पक्ष्यांवर चालून गेलं आणि पक्षीच जिंकले, हे त्यांनी सांगितलं तेव्हा सगळे हसले. नानांनी ऐकून घेतलं नाही. आपल्या शेतातल्या रोह्यांपुढे, म्हणजे नीलगायींपुढे, आजवर कोण जिंकलंय, असं विचारून त्यांनी एकाला मोबाइलवर शोधायला लावलं. गोष्ट खरी निघाली. असं चार-पाच वेळा झालं आणि मग टपरीवर नानांसाठी बाकावर जागा सोडली जायला लागली. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, “फयावर लिखेल शे.” फळ्यावर लिहिलंय म्हटलं की वाद संपला. हे मला टपरीवाल्याने सांगितलं तेव्हा मी दिवसभर खुशीत होते.

आता माझं पाप सांगते. घरी पाहुणे होते, आदल्या दिवशी पुस्तक उघडलं नव्हतं आणि सकाळी खडू हातात घेतला तर लिहायला काही नाही. एक दिवस फळा कोरा राहिला असता तर आभाळ कोसळलं नसतं. पण लोक थांबतात, वाचतात, माझी तारीफ करतात, याची मला गोडी लागली होती. मी मनानेच लिहून टाकलं की तीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका राणीला आपल्या खान्देशातली केळी इतकी आवडली, की तिने आपल्या मुकुटात सोन्याच्या केळ्यांचा घड बसवून घेतला. लिहिताना हसूसुद्धा आलं. लोक गंमत म्हणून सोडून देतील असं वाटलं.

कोणी सोडून दिलं नाही. इमूसाठी मोबाइल काढणाऱ्या माणसांनी या वेळी मोबाइल काढलाच नाही. केळी आपली, मुकुट राणीचा, मग शंका कोण घेणार? दुपारपर्यंत फळ्याचे फोटो जळगावपर्यंत फिरले. आमच्या समितीच्या अध्यक्षांनी फोन करून शाबासकी दिली आणि मी ती घेतली. नानांनी तर ती गोष्ट दोनदा वाचली. मग आत येऊन, आपण उभा जन्म कापला त्या मालाची एवढी किंमत झाली होती हे कधी माहीतच नव्हतं, असं म्हणाले. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्यांना चहा घेणार का विचारलं.

पुढे शाळेत वाचनाचा कार्यक्रम ठरला. म्हातारपणी वाचायला शिकलेला माणूस म्हणून नानांना बोलायला बोलावलं. सुचवणारी मीच. धुळ्याहून इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक पाहुणे म्हणून आले होते. नाना धुवट सदरा घालून आले, मुलगी मागे बायकांत बसली. त्यांनी इतक्या गोष्टींतून कोणती निवडली असेल? तीच. ते फार छान बोलले. राणीचं वर्णन त्यांनी स्वतःचं घातलं, घड कसा धरायचा ते हाताने दाखवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पाहुणे चांगले गृहस्थ होते, त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी हसतच विचारलं, की नाना, तुम्ही केळी कापलेली आहेत, कापलेला घड किती दिवस टिकतो? आठ-दहा दिवस, नाना म्हणाले. मग पाहुणे म्हणाले की त्या काळी इथून युरोपात गलबत जायला महिनेच्या महिने लागत. ती केळी राणीपर्यंत पोचली कशी?

आधी पोरं हसली, मग पालक हसले. त्यांत केळीवाले कितीतरी होते. ज्यांना हा हिशोब तोंडपाठ असतो आणि ज्यांनी माझा फळा आनंदाने पुढे पाठवला होता, तेही हसले. नानांनी माईक दोन्ही हातांनी धरला आणि समोर पाहिलं. मी दुसऱ्या रांगेत होते. त्यांची नजर माझ्यावर आली आणि थांबली. मला फक्त उभं राहायचं होतं. मी मांडीवरच्या कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिलं आणि तिची घडी घालत राहिले.

“मन्हा वाचामा चूक व्हयनी व्हई,” नाना म्हणाले. माझ्या वाचण्यात चूक झाली असेल. मग ते खाली उतरले.

त्यानंतर नाना फळ्याकडे आले नाहीत. आठवड्याने त्यांची मुलगी वाचनालयातून नेलेलं मोठ्या टाइपाचं पुस्तक परत करायला आली. नाना आता वाचत नाहीत, म्हणाली. एकच गोष्ट घेऊन बसलेत, की अक्षरं आपल्याला फसवतात, भलतंच काही लिहिलेलं असतं आणि आपण भलतंच वाचतो. औषधाच्या गोळीचं नावही शेजाऱ्याला विचारतात. टपरीवर जाणंही सोडलं. मग मला म्हणाली, “तुम्ही सांगा ना त्यांना एकदा. तुमचं ऐकतात ते.” मी सांगेन म्हणाले आणि पुस्तकाची नोंद केली.

मी गेले नाही. नोकरी जाईल अशी भीती मी स्वतःला दाखवत होते. ती तशी खोटीच भीती होती, आमच्या समितीला फळ्यावरच्या एका गोष्टीचं काय पडलंय! खरं म्हणजे गावात माझी किंमत होती आणि ती मला सोडवत नव्हती. त्या माणसाची किंमत मात्र मी एका दुपारी घालवली होती आणि त्याला ती कमवायला पासष्ट वर्षं लागली होती. फळ्यावर रोज खऱ्या गोष्टी लिहीत होते आणि प्रत्येक खरी गोष्ट लिहिताना स्वतःची शरम वाटत होती. लोक अजूनही थांबून वाचायचे. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी एका सकाळी मी मथळ्याखाली लिहिलं, ‘राणीच्या मुकुटातल्या केळ्यांची गोष्ट या फळ्यावर लिहिली होती. ती खोटी आहे. ती मी मनाने रचली. फळ्यावर जे लिहिलं होतं तेच नानांनी वाचलं. चूक माझी आहे.’ खाली सही केली आणि नानांच्या घरी जाऊन त्यांना आणि मुलीला घेऊन आले. तोंडाने सांगायचा धीर मला तेव्हाही झाला नाही. फळ्यावर लिहिलंय, चला, एवढंच म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा फळ्यापुढे माणसं जमली होती. त्यांनी नानांना वाट करून दिली. नाना पुढे झाले, पण वाचेनात. मुलीला म्हणाले, तूच वाच. तिने वाचलं. शेवटच्या ओळीला तिचा आवाज बदलला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

नानांनी तिच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं.

“म्हंजे मी बराबर वाचं व्हतं,” ते म्हणाले.

बरोबर वाचलं होतं, मी म्हणाले. मला रडू फुटलं. आता ते माफ करतील, निदान रागावतील तरी, म्हणजे मी मोकळी होईन, असं माझ्या मनात आलं. तेवढी स्वार्थी मी त्या क्षणीही होते. नाना रागावले नाहीत. खरंच समजून घ्यायचं असावं अशा साध्या आवाजात त्यांनी विचारलं,

“मंग त्या दिन तुम्ही तठेच बठेल व्हतात ना?”

“होते,” मी म्हणाले. “तिथेच बसले होते, तुमच्या समोरच.”