जुनिपरच्या रोपांचा शुक्रवारचा राउंड

आमच्या हॉस्पिटलातल्या मराठी मंडळींचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. चौघं चहाला बसलो की आपसूक साठत गेले. त्यातले बरेचसे आगीनंतरचे.

त्या दिवशी मी लॅबमध्ये स्लाइड्स बघत होते. नेहमीसारखाच गुरुवार. सुधीरचा ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, फोन आला, "खिडक्या लाव, डोंगर पेटलाय." सौदीतल्या असीरच्या डोंगरातलं आमचं गाव जुनिपरच्या जंगलात वसलेलं. धूर निवला तेव्हा उतार काळाठिक्कर झाला होता, आणि तिथे मधमाश्या पाळणाऱ्या अबू सालेमची एकही पेटी उरली नव्हती.

सुधीर माझा नवरा, भूलतज्ज्ञ. तोच म्हणाला, आपण रोपं लावू.

*

हॉस्पिटलचीच माणसं आम्ही! प्रत्येक रोपाला पेशंटच्या मनगटाचा पट्टा बांधला. शुक्रवारी सकाळी राउंड. रत्नागिरीच्या मेट्रन सावंतबाई ड्यूटी बदलताना देतात तसा हँडओव्हर द्यायच्या, "नऊ नंबर स्टेबल. बारा नंबरचे नातेवाईक फार त्रास देतात."

बारा नंबर सुधीरचं होतं.

*

लावण्याआधी आम्ही जागा ओटीसारखी लख्ख केली होती. जळकी खुरटी झुडपं झाडून सगळी उपटली. पहिल्या उन्हाळ्यात जवळजवळ सगळी रोपं गेली.

अबू सालेमने एक वाळलेलं रोप उपटून पाहिलं. मग म्हणाला की जुनिपरचं पोर झुडपाच्या सावलीतच वाढतं. "तुम लोग पहले माँ को निकाला, बाद में बच्चे को पानी दिया."

सावंतबाईंची उभी नोकरी लेबर रूममध्ये गेलेली. त्या दिवशी त्यांनी हँडओव्हर दिला नाही.

*

पुढे अबू सालेमचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. भूल देताना सुधीरने त्याला आकडे मोजायला सांगितले. तो आपल्या जळालेल्या पेट्या मोजू लागला आणि सातव्या पेटीला झोपला.

शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द, "आठ."

*

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं सुट्टीवर नाशिकला गेलो आणि सुधीर तिथेच हार्ट अटॅकने गेला. महिन्याभराने मी एकटी परतले. पहिल्याच शुक्रवारी अबू सालेमने विचारलं, डॉक्टर कुठे? सावंतबाई म्हणाल्या, "छुट्टी पर."

यंदा आगीनंतर प्रथमच त्याच्या नव्या पेट्यांतून मध निघाला. पहिल्या बाटलीला तो कुणाला हात लावू देत नाही. म्हणतो, "डॉक्टर आएगा, वो खोलेगा."

दर शुक्रवारी विचारतो. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.