मुखेडच्या लाइटीनं घातलेलं कोडं

लहानपणी आमचा व्हॉल्व्हचा रेडिओ तापताना गुंऽऽ करायचा. त्या सुरावर मी शाळेतल्या कविता म्हणायचो.

मित्रहो, तसाच आवाज काढणारा गिटारचा ॲम्प्लिफायर मी घरी बांधला, युसूफभाईसाठी. लग्नांत आम्ही सोबत वाजवायचो. आता ते म्हणतात, "आपला जमाना गेला, मास्तर." त्यांनी गिटार गुंडाळून ठेवलीय.

पण ॲम्प्लिफायरच्या आत साडेतीनशे व्होल्ट हवे तिथं चारशे! व्हॉल्व्ह लालबुंद. वाटलं, ट्रान्सफॉर्मर मीच चुकीचा गुंडाळला.

आज दुपारी पुन्हा मोजायला बसलो. शॉक छातीतून जाऊ नये म्हणून एक हात खिशात.

"दुसरा बी खिशातच ठिवा," बायको म्हणाली.

तेवढ्यात पंखा भन्नाट पळायला लागला. शिवारातल्या पाण्याच्या मोटारी बंद झाल्या की आमच्याकडं लाइट अशी चढते. भिंतीच्या प्लगात मीटर घातला, तर दोनशे वीसऐवजी अडीचशे! माझी गुंडाळी निर्दोष होती, राव!

प्लग काढला, आत साठलेला करंट उतरवला आणि वायर ट्रान्सफॉर्मरच्या अडीचशेच्या टोकाला जोडली. ते टोक मीच दूरदृष्टीनं काढून ठेवलं होतं. आता बरोबर साडेतीनशे. माझ्या जुन्या गिटारची तार छेडली, अन् गल्ली भरली.

तुमच्या कानात असा कुठला आवाज राहिलाय?

ॲम्प्लिफायर गुंऽऽ करत चालूच ठेवून हे लिहीत होतो, तोच दार वाजलं. दारात युसूफभाई, काखेत गिटार.

"मास्तर, हा रेडिओवाला आवाज कुठून येऊन राहिला?"