डब्यावर लावलेले आकडे

ये वं पोरी, अशी जवळ ये. कागदातून कशी जवळ येऊ म्हणशील, पण फोनवर तू मला बोलू कुठं देतेस? काल वीस मिनिटं एकटीच बोललीस. काकू, बँकेनं मोबाइलवरच्या त्या पैसे लावायच्या खेळवाल्यांकडे जाणारे पैसे अडवले. काकू, मी नवऱ्याच्या मोबाइलचा पासवर्ड बदलला. काकू, तरी हा मित्राच्या खात्यातून पैसे फिरवतो, किराणावाल्याला मोबाइलवरून पैसे पाठवून त्याच्याकडून रोख घेतो, आता मी करू तरी काय? मी 'ऐक' म्हटलं, तर कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून फोन ठेवून दिलास. अशी प्रश्न विचारून पळायची सवय बरी नाही. विचारलं आहेस ना, मग आता सगळं ऐकून घे.

तुझे काका गेले तेव्हा तू आल्यागेल्याला सांगत होतीस, काका किती साधे, त्यांना सुपारीचंही व्यसन नव्हतं. मी ऐकत होते. सुपारीचं नव्हतंच, खरं आहे ते.

आम्ही गणेशपेठेत दोन खोल्यांत राहायचो तेव्हाची ही गोष्ट. रेशनवर ती लाल परदेशी ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचो आम्ही तिला, ते दिवस. तुझे काका कॉटन मार्केटकडच्या एका कारखान्यात कामाला होते. लोखंडी कपाटं बनायची तिथं आणि यांचं काम एकच, कपाटाला कुलूप बसवायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुलूप बसवायचं, किल्ली फिरवून पाहायची, पुढचं कपाट. आता मला सांग, ज्या घरातला माणूस कुलपं बसवतो, त्या घरात बाईनं पैसे ठेवायचे कुठं? पेटीला कुलूप घातलं तर माझ्याच केसातल्या पिनेनं उघडायचे. तांदळात पुरले, उशीत शिवले, देवाच्या फोटोमागं ठेवले. सापडायचेच. वर मलाच म्हणायचे, "फोटोमागं पाल होती, हाकलाले गेलो तर नोट दिसली."

पैसे जायचे सट्टापट्टीत. तुला हे नाव माहीत नसेल. शून्यापासून नऊपर्यंतचा एक आकडा सांगायचा, त्यावर रुपया-आठ आणे लावायचे. दुपारी लावायचा, संध्याकाळी कुठूनतरी फोनवर आकडा यायचा. लागला तर रुपयाचे नऊ, नाही तर रुपया गेला. कारखान्याच्या फाटकासमोर एक सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याचा मालक ही पट्टी घ्यायचा. तुझ्या काकांना आकडे कुठंही दिसायचे. बसच्या पाटीवर दिसायचे, स्वप्नात दिसायचे. मी लागोपाठ शिंकले तर "किती झाल्या वं?" असं विचारायचे. मला वाटायचं, काळजीनं विचारतात.

शेवटी मी वैतागले आणि तू आज जे केलंस तेच केलं. पैशाची वाटच बंद केली. कारखान्याच्या मालकांकडे गेले, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, "पगाराच्या दिवशी सही यांची घ्या, पाकीट माझ्या हातात द्या." भला माणूस, त्यांनी दिलं. घरी येईपर्यंत तुझे काका चार पावलं पुढं चालत होते. दार लावलं आणि म्हणाले, "साऱ्या कारखान्यासमोर माही इज्जत काढली तू."

"इज्जत आकड्यावर लावता येत नाही म्हणून तरी वाचली," मी म्हटलं.

तेवढ्यावर थांबले नाही मी. दुसऱ्या दिवशी त्या सायकलवाल्याकडे गेले. पन्नाशीचा, एकटा माणूस, पोट सुटलेलं, हाताला काळं ग्रीस. त्याला सांगितलं, "यांच्याकडून एक पैसा घेतला, उधारी लिहिली, तर तुमच्या दुकानापुढं बसून राहीन. मी खापा गावची आहे, मला बसायचा कंटाळा येत नाही."

त्यानं कानाला हात लावला. "वहिनी, आईची शपथ. पैसा घेणार नाही."

झालं. यांच्या खिशात दमडी नाही. पान लागलं तर मीच बिनसुपारीची दोन पानं आणून डब्यासोबत बांधून द्यायची. मी अशी खूश, की शेजारणीला सांगत सुटले. आणि यांचा स्वभाव बघ कसा बदलला. ज्या माणसानं लग्नापासून 'भाजीत मीठ आहे' याच्यापुढं कौतुक केलं नव्हतं, तो सकाळी चुलीपाशी येऊन बसायला लागला.

"आज डब्यात काय देऊन राहिली?"

"आलू."

"पाटोडी कर ना वं. तुह्या हातच्या पाटोडीले तोड नाही."

मी विरघळले गं. बेसन शिजवून थाळीत थापायचं, वड्या पाडायच्या, खोबरं-कांदा भाजून वाटायचं, रश्श्यावर बोटभर तेलाची तर्री यायला हवी. सकाळच्या कामात एवढा खटाटोप. पण नवरा तोंडानं मागतो आहे म्हटल्यावर मी पहाटे उठून करायची. आठवड्यातून तीनदा पाटोडी. एकदा भरली वांगी मागितली, एकदा पुरणपोळी, तीही सण नसताना. डबा संध्याकाळी चाटून पुसून परत. माझ्या मनात, काय सुधारला माणूस, पैशाचं खूळ गेलं आणि खाण्याची चव आली.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. मी जितकं तेल ओतत होते तितका हा माणूस वाळत चालला होता.

आधी पँट ढिली झाली. मग गालफडं बसली. मग एक दिवस विहिरीवरून बादली आणताना मधेच टेकले आणि म्हणाले, "काही नाही, चक्कर आली." रात्रीचं जेवणही धड जात नव्हतं. मान खाली घालून चिवडत बसायचे.  तुला माहीत नसेल, माझा थोरला भाऊ खाप्याला असाच वाळत गेला. सुरुवातीला त्याचीही पँटच ढिली झाली होती, आणि आई हसून म्हणाली होती, नाडा घाल. क्षय होता. सहा महिन्यांत संपलं. त्यामुळं यांची हाडं दिसायला लागली तसं मला दुसरं काही दिसेनाच. यांना झोप लागली की मी श्वास मोजत बसायची. आणि सकाळी उठून पुन्हा पाटोडी, अजून थोडी जास्त.

जुन्या शिलाई मशीनसाठी मी त्या पगाराच्या पाकिटांतून थोडे पैसे बाजूला काढले होते. ते कमरेला खोचले आणि यांना ओढत धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं. तिथं बाकावर आमच्या आजूबाजूला कुठकुठल्या गावांहून आलेली माणसं, खोकणारी, कण्हणारी. यांना खोकला नव्हता तरी मी म्हणत होते, "खोका ना एकदा, बघू कसा येतो." छातीचा फोटो काढला. रक्त घेतलं. मशीन तिथंच गेली म्हण.

डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. "छाती स्वच्छ आहे. दुपारी काय जेवता?"

हे शर्टाची बटणं लावत बसले. मग मीच सांगितलं. पाटोडी, चार पोळ्या, भात, वर लिंबाचं लोणचं. छाती फुगवून सांगितलं मी.

"कोण जेवतं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोण म्हणजे? हेच."

"बाई, या माणसाला काही रोग नाही. हा उपाशी आहे."

मला असा राग आला त्या डॉक्टरांचा! माझ्या घरचा माणूस उपाशी? रस्ताभर मी त्यांना नावं ठेवत आले. हे माझ्या मागून चालत होते. "बोला ना काही," म्हटलं तर म्हणाले, "डॉक्टर आहे, त्याले जास्त समजते." तेव्हाच मला समजायला हवं होतं, पण मी होते भोळी.

दुसऱ्या दिवशी डबा दिलाच होता. तरी दुपारी मनात आलं, अशक्त माणूस, गरम शिरा करून नेऊ. पातेली फडक्यात बांधली आणि निघाले. जेवणाची सुट्टी झालेली. फाटकाशी पोचले आणि समोर पाहते तर सायकलवाला दुकानात स्टुलावर बसून जेवत होता. डबा ओळखीचा. माझाच. झाकणावर मी खिळ्यानं फूल कोरलं होतं, दुसऱ्याशी बदलू नये म्हणून. आणि दुकानाच्या पायरीवर तुझे काका, हातात रिकामा चहाचा कप, पाटोडीकडे न बघता रस्त्याकडे बघत बसलेले.

मला पाहून सायकलवाला उठला. बोटं चाटून म्हणाला, "या वहिनी, बसा. आज मीठ जरासं जास्त झालं."

मी थेट त्याच्या स्टुलापाशी गेले.  "शपथ घेतली होती ना तुम्ही? आईची?"

"मंग? मोडली का? पैसा घेणार नाही म्हटलं होतं. एक पैसा नाही घेतला, विचारा त्याईले. जेवण घेऊ नको असं तुम्ही कुठं म्हटलं?"

आणि खरंच पोरी, नव्हतंच म्हटलं मी!

मग एकेक बाहेर आलं. हा माणूस एकटा, दोन्ही वेळ खानावळीत जेवायचा. यांनी त्याच्याशी ठराव केला होता. डबा त्याला द्यायचा, साधी भाजी-पोळी असली तर आकड्यावर एक रुपया लावला असं धरायचं. पाटोडी असली तर दीड. मिलोची भाकर असली तर आठ आणे. पुरणपोळीचे अडीच मिळाले होते म्हणे. वर एक चहा फुकट. आणि आकडा हुकला की रात्री यांना घास जात नसे. म्हणजे मी पहाटे उठून जे वाटत होते, घाटत होते, ते सगळं सात नंबरवर नाही तर तीन नंबरवर जात होतं. आणि एकदा हे अर्धा किलो जिलबी घेऊन आले होते, मालकाला नातू झाला म्हणून. मी मालकांच्या घराकडे हात करून नमस्कार केला होता. तो नातू म्हणजे माझी भरली वांगी, आकडा लागलेली.

सायकलवाला फडक्याला हात पुसत म्हणाला, "वहिनी, रागावू नका. महिन्याचा डबाच लावून द्या मले. रोख देतो, आगाऊ."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला मशीन दिसली. पण त्याच्या गल्ल्यात आणखी कोणाकोणाच्या घरचे दुपारचे घास असतील, तेही दिसले. डबा उचलला, होता तेवढा. पातेली यांच्यापुढं आदळली आणि म्हटलं, "खा. इथंच. माझ्यासमोर."

पायरीवर बसून तुझ्या काकांनी शिरा खाल्ला. अख्खा. एवढ्या भुकेनं खाणारा माणूस मी पाहिला नव्हता आणि माझा राग तिथल्या तिथं फाटून गेला. माणूस मरणार नाही, एवढंच कळत होतं मला. मग लगेच दुसरा राग आला.

"काहून केलं तुम्ही असं? जीव जात होता तुमचा. मी धंतोलीत रडत बसले होते."

यांनी बोटानं पातेलीचा काठ पुसला. मग म्हणाले, "तुले नाही समजणार. दिवसभर कुलूप बसवतो. पुढच्या कपाटात काय आहे ते ठाऊक असते. काही नाही, रिकामंच असते. दुपारी आकडा लावला का संध्याकाळपर्यंत काहीतरी ठाऊक नसते. तेवढाच वेळ बरा जाते."

आता याला काय म्हणायचं! डोक्याला हात लावला मी. पण इतक्या वर्षांत माझ्याशी एका दमात एवढं पहिल्यांदा बोलले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा देणं बंद केलं. दुपारी स्वतः घेऊन जायची. फाटकाच्या आत कडुलिंब होता, त्याच्याखाली दोघं बसायचो आणि यांचं खाऊन होईपर्यंत मी उठायची नाही. खाल्लेलं लावता येत नाही, एवढीच माझी अक्कल. कारखान्यातले हसायचे, "वहिनी, भरवून द्या ना त्याले." हसू दिलं. फडकं सोडायच्या आधी यांना मी विचारायची, सांगा, आज आत काय आहे? ओळखलं तर एक पान जास्त. तर हा माणूस त्यातही लबाडी करायचा! सकाळी चुलीपाशी येऊन वास घेऊन जायचा. मग मी मसाला आदल्या संध्याकाळी हे घरी यायच्या आत वाटायला लागले.

सुटलं का, विचारशील. एकदम नाही सुटलं. पुढं एकदा हातातलं घड्याळ गेलं, एकदा नवीन छत्री. भांडलो, तोंड फिरवून बसलो. पण पँट पुन्हा कमरेला बसली आणि दुपारची भूक त्यांनी पुन्हा कधी लावली नाही. हळूहळू सायकलवाल्याच्या पायरीवर जाणंही कमी झालं. कधी बंद झालं ते मला कळलं नाही. मी मोजत नव्हते तेव्हा.

म्हणून सांगते. पासवर्ड बदल, बँकेला सांग, सगळं कर. मीही केलंच होतं. पण तू पैशाच्या वाटेवर डोळे लावून बसलीस आणि तो दुसऱ्या वाटेनं गेला, असं होऊ देऊ नकोस. काल एवढं बोललीस, पण तो जेवतो का, झोपतो का, दिवसभर त्याला काय वाटतं, यातलं एकही सांगितलं नाहीस. मला तीच धास्ती आहे.

येत्या रविवारी त्याला घेऊन ये. उशीर नको करू, पुढच्या महिन्यात बघू असं नको. पाटोडी करते. अजून जमते मला, तर्रीसुद्धा. दोघांनी इथं माझ्यासमोर बसून जेवायचं. घरी न्यायला डबा मागितलास तर मात्र मी देणार नाही.