ॲसिडखोलीची फरशी

चारुदत्त नगरकर जन्माने कलकत्त्याचे आणि स्वभावाने संशयी. बागबाजारच्या घरी बायकोने, सरलाबाईंनी, विरजण लावलं की तासाभरात ते बोट घालून बघायचे, आणि दही लागलं नाही की दूधवाल्यावर पाण्याचा आळ घ्यायचे. सरलाबाईंनी केव्हाच हात टेकले होते.

कलकत्त्याजवळ बजबजच्या एका बॅटरी कारखान्यात ते देखरेखीवर होते. चौऱ्याहत्तर साली तिथल्या वरच्या मजल्यावरच्या ॲसिडखोलीत नव्या टाइल्स बसल्या. सिमेंटचे सांधे ॲसिड खाऊन टाकतं, म्हणून सांध्यांत एपॉक्सी भरायचं ठरलं. दोन डब्यांतलं रसायन एकत्र कालवायचं, घट्ट व्हायच्या आत पात्याने सांध्यात दाबायचं आणि मग त्याला अजिबात हात लावायचा नाही. काम निताई मिस्त्रीकडे होतं. ते नीट उतरलं तर त्याला कायमची नोकरी, नाहीतर घरचा रस्ता.

नगरकरांना पहिल्या दिवसापासून वाटलं, हा दुसऱ्या डब्यातलं, घट्ट करणारं रसायन चोरून विकतो. त्यांनी डबे हुंगले, रिकामे उलटे करून पाहिले. संध्याकाळी सगळे पांगले की खिशातल्या चाकूचं टोक सांध्यांत खुपसून बघायचे, घट्ट झालंय का. एकदा निताईने पाहिलं. "बाबू, जमने दीजिए," तो काकुळतीने म्हणाला. घाबरला, म्हणजे चोर हाच, असं नगरकरांनी ठरवून टाकलं.

शेवटी चाचणीसाठी फरशीवर पाणी कोंडलं. सकाळी खालच्या गुदामाचं छत पाझरत होतं. नगरकर मनातून खूश झाले. चोरी पकडायला स्वतःच गुडघ्यांवर बसून सांध्यांवरून बोट फिरवू लागले. एक भोक लागलं. मग आणखी एक. चाकूच्या टोकाएवढी, जिथे जिथे ते वाकले होते तिथे तिथे. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 

माणूस संशयी होता, पण खोटा नव्हता, एवढं मानायलाच हवं. ते तडक काही वर्षांपूर्वी पुण्याहून बदलून आलेल्या मॅनेजर भागवतसाहेबांकडे गेले आणि चाकू टेबलावर ठेवला.

"भोकं मी पाडली, साहेब. मिस्त्रीचा काही दोष नाही. त्याला काढू नका."

साहेबांनी चाकूकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"इतक्या वर्षांत तुम्ही कुणाबद्दल चांगला शब्द काढला नाहीत, नगरकर," ते हलकेच म्हणाले. "खरं सांगा, मिस्त्रीने काय देऊ केलंय?"

नगरकर शपथा घेत राहिले. दुपारी निताईला काढून टाकलं.