गॅलरीतली बोली

लालबागच्या आमच्या चाळीत कोपऱ्यातल्या खोलीत एक घड्याळजी राहतात. जुनी घड्याळं दुरुस्त करून ऑनलाइन लिलावात विकायचे. बोलताना डोळ्यावरचं भिंग काढत नाहीत. समोरच्याला वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलंय.

मग घड्याळ विकलं जावो न जावो, लिलावाच्या साइटने नुसतं मांडायचीही फी लावली. त्यांनी सगळी घड्याळं तिथून काढली आणि रविवारी गॅलरीत सतरंजी अंथरली. सत्यनारायणाच्या पूजेनंतर नारळाचा लिलाव दरवर्षी तेच पुकारतात. त्याच खणखणीत आवाजात घड्याळं पुकारायला लागले.

मध्येच साइटवाल्या बाईंचा फोन आला. परत या, महिनाभर फी माफ.

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. "मॅडम, चारशे चालू आहेत. घ्यायचं असेल तर बोली वाढवा, नाहीतर लाइन सोडा. चारशे, एक वार..."